शब्दांचा पत्ता : देवळालीचा ताप

या खेपेला एकाच शब्दावर तीन पत्रं आली, तीही शहराच्या तीन टोकांवरून, आणि एकाला दुसऱ्याचं माहीत असायचं काही कारण नाही. (पत्रं म्हणजे अर्थात ईमेल आणि व्हॉट्सॲप, आमच्याकडे पोस्टमन आता फक्त नोटिसा आणतो.) त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, 'पावभाजीतला पाव' विचारणाऱ्या काकूंनी जरा कळ काढावी.

प्रश्न : ताई नमस्कार. वय ७८, राहणार कोथरूड. नोकरीत असताना सात वर्षं देवळाली कॅम्पला होतो, लष्कराच्या हिशेब खात्यात. परवा नातू म्हणाला, आजोबा, रविवारी तुम्हाला डूलालीला नेतो. म्हटलं अरे वा, इतक्या वर्षांनी! हिने तर दशम्या आणि लसणाची चटणी करायला घेतली, गाडीत खायला. मग कळलं की डूलाली म्हणजे बिअर मिळते ते ठिकाण, आणि वर नातू सांगतो की इंग्रजीत डूलाली म्हणजे वेडा. हे आमच्या देवळालीवरूनच आलंय का? आणि आलं असेल तर वेडा का? आम्ही सात वर्षं राहिलो, आम्हाला काही झालं नाही. (हिचं म्हणणं वेगळं आहे, पण ते सोडा.) – एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, दशम्या वाया गेल्या नसतील अशी आशा आहे, कारण तुमचे कान अजून शाबूत आहेत. तुम्ही जे ऐकलंत ते बरोबरच ऐकलंत. डूलॅली म्हणजे देवळालीच, नाशिकरोडच्या अलीकडचं स्टेशन. राहुरीजवळ देवळाली प्रवरा आहे ती नव्हे.

इंग्रजांनी देवळाली रोमन लिपीत लिहिताना 'व'च्या जागी 'ओ' घातला, आणि 'ळ' तर त्यांना जन्मात जमला नाही. मग डिओलाली, आणि घाईघाईत म्हणताना डूलॅली. खडकीचं किर्की आणि शीवचं सायन करणाऱ्यांना यात काय अवघड.

आता वेडा का, ते. इंग्रजांनी १८६१ साली देवळालीला छावणी उभी केली. मुंबईच्या बंदरापासून साधारण १६० किलोमीटर, घाट चढून वर, थंड हवा, त्यामुळे विलायतेहून नव्याने आलेल्या गोऱ्या सोल्जरांना आधी इथे आणून ठेवायचे आणि मग पुढे पंजाब, मद्रास, जिथे पाठवायचं तिथे पाठवायचे. आणि परतीचाही रस्ता हाच. ज्याची नोकरीची वर्षं भरली तो देशभरातून कुठूनही देवळालीत यायचा आणि इथे बोटीची वाट बघत बसायचा.

गोम इथेच आहे. सैनिक नेणाऱ्या बोटींचा मोसम ठरलेला असायचा, साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे तुमची मुदत चैत्रात संपली आणि शेवटची बोट निघून गेली असेल तर पुढची बोट एकदम दिवाळीनंतर. तोवर काय करायचं? काही नाही! हत्यार काढून घेतलेलं, नेमून दिलेलं काम नाही, कधीतरी सामानाची तपासणी, कधीतरी पायी कूच, की परत बराकीत येऊन छताकडे बघत पडायचं. एसटी स्टँडवर गाडी दोन तास उशिरा आली तर आपण कंट्रोलरच्या खिडकीवर धडका मारतो, इथे गाडी सहा महिने उशिरा आणि ती उशिरा आहे असंही कोणी म्हणत नाही कारण ते तिचं वेळापत्रकच आहे!

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा सोल्जर होता, पुढे पहिलं महायुद्धही लढला, त्याने आपल्या हिंदुस्थानातल्या दिवसांवर एक पुस्तक लिहिलं, ते १९३६ साली आलं. त्यात तो या छावणीबद्दल सांगतो की वेळ जाता जात नसे, वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता असे शिपाई इथे येऊन भानगडी करायचे आणि घरी जायच्या ऐवजी आधी तुरुंगात जायचे. आणि पलटणीत कोणी चमत्कारिक वागायला लागला की बाकीचे म्हणायचे, याला डूलॅली टॅप झालाय. रिचर्ड्सच्या मते ही म्हण त्या छावणीतल्या कंटाळ्यातून निघाली. आता हा काही भाषातज्ज्ञ नव्हे, पण त्या काळच्या पलटणीत राहिलेला माणूस आहे, त्यामुळे मी त्याचं ऐकते. दुसरी एक कथा सांगतात की देवळालीला वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून तसं नाव पडलं, तिसरी म्हणजे उन्हाने डोकं फिरायचं. उन्हाची कथा तर मला मुळीच पटत नाही. आजोबा, तुम्हीच सांगा, देवळालीची हवा काय डोकं फिरवणारी आहे का? अहो तिथे लोक हवापालटाला जातात, सॅनिटोरियमं आहेत तिथे, आमच्या आईची आत्या बाळंतपणानंतर दोन महिने तिथे राहून गोरीपान होऊन आली होती असं घरात अजून सांगतात.

तर 'डूलॅली टॅप'. हा टॅप कुठला? हा शब्दाचा खरा मजेशीर अर्धा भाग, आणि इंग्रजीने नेमका तोच गमावला. टॅप म्हणजे ताप. पलटणीतले गोरे जी बाजारी हिंदुस्थानी बोलायचे तिच्यात तापाला 'तप' म्हणत. फारसीत तप, आपल्याकडे ताप, दोघे चुलतभाऊ, मूळ अर्थ गरम होणे, त्यातूनच आपल्याकडे तापट, संताप, पश्चात्ताप आणि तपश्चर्यासुद्धा. तेव्हा डूलॅली टॅप म्हणजे सरळसरळ 'देवळालीचा ताप'. आता मराठी माणसाला यात समजावून काय सांगायचं! 'डोक्याला ताप' आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो आणि कोणी थर्मामीटर काढत नाही. त्या सोल्जरांनाही नकळत तोच अर्थ सापडला होता.

एक गंमत जाता जाता. याच तप्-ची एक लांबची बहीण इंग्रजीत आधीपासून होती, लॅटिनमधून गेलेली. तिचं नाव 'टेपिड', म्हणजे कोमट. आपल्याकडचा उन्हाळा बघता आपल्या वाट्याला ताप आला आणि त्यांच्या वाट्याला कोमट, हे ठीकच झालं म्हणायचं.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या बोलीचा एक कोश निघाला, १९२५ साली, त्यात 'देवळाली टॅप' आणि 'डूलॅली टॅप' दोन्ही रूपं शेजारी-शेजारी आहेत, अर्थ दिलाय वेडा, डोकं फिरलेला, आणि हा जुन्या फौजेतला शब्द आहे अशी टीप. म्हणजे तोवर गाव आणि शब्द यांची नाळ तुटलेली नव्हती. पण ज्या पोराने देवळाली बघितली नाही, ज्याला ताप म्हणजे काय माहीत नाही, त्याच्या कानाला 'टॅप' म्हणजे एक तर पाण्याचा नळ नाहीतर टिचकी. काहींना वाटलं डोक्यावर टिचकी बसलेला तो डूलॅली टॅप, बाकीच्यांना काहीच वाटलं नाही, त्यांनी तो शब्द सरळ गाळला. राहिलं नुसतं डूलॅली. आजार उडाला आणि गावाचं नाव तेवढं उरलं, आणि आता ते गावाचं नाव आहे हेही बहुतेक इंग्रजांना माहीत नाही.

तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही, आजोबा. गावाच्या नावाने वेड ओळखणं हा काही आपल्यावरच झालेला अन्याय नाही. लंडनला बेथलेहेम नावाचा एक मठ होता, १२४७ सालचा, त्याचं पुढे वेड्यांचं इस्पितळ झालं, लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं 'बेडलम' झालं आणि आज इंग्रजीत बेडलम म्हणजे नुसता गोंधळ, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी मंडईत असतो तसा. प्रत्यक्ष येशूच्या जन्मगावाची ही गत, तिथे देवळालीचं काय घेऊन बसलात. आणि आपणही काही कमी नाही. मुंबईत कोणी म्हणालं 'याला ठाण्याला पाठवा', पुण्यात म्हणालं 'येरवड्याला नेऊन सोडा', तर तो लोकलचं तिकीट किंवा रिक्षाचं भाडं विचारत नाही. (येरवड्याच्या वाचकांनी रागावू नये, तुमच्याकडे तर दोन्ही सोयी आहेत, इस्पितळ म्हणायचं की कारागृह ते बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर.)

आता नातवाची बिअर. डूलाली ही २००९ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली, देशातली पहिली मायक्रोब्रुअरी म्हणून तिचं नाव घेतात. मायक्रोब्रुअरी म्हणजे तिथल्या तिथे थोडी थोडी बिअर गाळून ताजी विकायची. आणि त्यांच्या दुकानांना म्हणतात टॅपरूम. म्हणजे बघा, इंग्रजीने शंभर वर्षांत जो टॅप गाळून टाकला तो पुणेकरांनी पुन्हा जोडला, डूलाली टॅपरूम! फक्त हा टॅप वेगळा, हा जुन्या इंग्रजीतला, पिंपाचं बूच किंवा तोटी या अर्थाचा. ताप गेला आणि तोटी आली. कोणी मुद्दाम केलंय असं मला वाटत नाही, पण योगायोग म्हणून माझ्या संग्रहात याचा नंबर फार वरचा आहे.

आणि अजून एक, हे तुम्हाला माहीत असेलच. देवळालीला लागूनच भगूर. सावरकर १८८३ साली जन्मले ते भगूर. ज्या माणसाने दिनांक, महापौर, चित्रपट असले शब्द घडवून परके शब्द घराबाहेर काढायचा चंग बांधला त्याच्या गावाच्या वेशीवरून एक मराठी गावाचं नाव इंग्रजीत घुसलं आणि तिथे घरजावई होऊन बसलं. भाषाशुद्धीची चळवळ इंग्रजांनी करायची ठरवली तर त्यांना आपलं देवळाली परत पाठवावं लागेल, ताप वगळून.

प्रश्न : मॅडम, मी वानवडीला राहते, यूकेच्या एका क्लायंटसाठी सपोर्टचं काम करते, नाइट शिफ्ट. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडच्या एका बाईंनी तिकिटात, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, लिहिलं की रिपोर्टिंग टूल 'गॉन डूलॅली' झालंय. आमच्या टीमला वाटलं टायपो आहे, एकाने तर डूलॅली नावाचा सर्व्हर शोधला अर्धा तास. मग गुगल केल्यावर वेडा असा अर्थ दिसला. हा शब्द वाईट आहे का, म्हणजे त्यांनी आम्हाला शिवी दिली का? आणि आम्ही उत्तरात वापरला तर चालेल का? – एक वाचक, वानवडी

उत्तर : सर्व्हर शोधणाऱ्याला माझा नमस्कार कळवा, इतकं मन लावून काम करणारी माणसं आता राहिली नाहीत.

शिवी अजिबात नाही. उलट त्या बाई जरा मोकळेपणाने बोलल्या असं समजा. आज ब्रिटनमध्ये डूलॅली हा घरगुती शब्द आहे, थोडा गमतीचा, थोडा जुन्या वळणाचा. आधी तो फक्त माणसाला लागायचा, तोही छावणीतल्या विशिष्ट माणसाला. मग कुठल्याही सटकलेल्या माणसाला. आता प्रिंटर, गाडीतला नकाशा, हवामान, शेअरबाजार, काहीही डूलॅली होतं. आनंदाने बेभान झालेला जमावसुद्धा होतो. म्हणजे शब्द देवळालीपासून जितका लांब गेला तितका हलका होत गेला, ज्या माणसावर तो पहिल्यांदा वापरला असेल त्याला बिचाऱ्याला पुढे शिक्षा झाली असेल आणि आज तो तुमच्या रिपोर्टिंग टूलला लागतोय.

मराठीत अगदी नेमकं भाषांतर हवं असेल तर 'टूल गंडलंय'. वेडं झालंय नव्हे, बिघडलंय नव्हे, बिघडलंय म्हटलं की मेकॅनिक बोलवावा लागतो. गंडलंय. चालू आहे पण भलतंच काहीतरी करतंय, आणि सांगणारा वैतागलाय पण थोडा हसतोय पण.

वापरायचं म्हणाल तर ओळख झालेल्या माणसाशी बोलताना वापरा, वरिष्ठांपर्यंत जाणाऱ्या एस्कलेशनच्या मेलमध्ये नको. आणि अमेरिकन क्लायंटला अजिबात लिहू नका, तिकडे हा शब्द फारसा कोणाला माहीतच नाही, त्यांच्याकडचाही कोणीतरी अर्धा तास सर्व्हर शोधत बसेल. व्याकरणाचं एक : हा शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या मागे येतो, काहीतरी डूलॅली 'झालं' किंवा 'गेलं' असा. नामाच्या आधी लावून 'डूलॅली माणूस' असं म्हटलेलं कमी सापडतं. आणि खरोखर आजारी असलेल्या माणसाबद्दल तर नकोच, ते कुठल्याच भाषेत बरं दिसत नाही.

तुम्ही रोज यूकेशी बोलता म्हणून सांगते, या शब्दाची भावंडं तुमच्या मेलमध्ये अजून सापडतील. कोणी म्हणालं 'हॅव अ डेको', तर ते आपलं 'देखो'. कोणी म्हणालं जॉब फार 'कुशी' आहे, म्हणजे आरामाचा, तर ते 'खुशी'. ही सगळी पलटणीतून बोटीत आणि बोटीतून घरी गेलेली. यातला माझा आवडता 'ब्लायटी'. मूळ शब्द विलायती, उत्तरेकडे बिलायती, आपल्यासाठी अर्थ परदेशी. पण गोऱ्या सोल्जराने तोच शब्द उचलला आणि त्याच्या तोंडी अर्थ झाला 'आपलं घर', कारण आपला परदेश तो त्याचा मायदेश. पहिल्या महायुद्धात तर आणखी पुढची पायरी गाठली, खंदकात बसलेला पोरगा 'मला एक ब्लायटी मिळाली' म्हणायचा तेव्हा त्याचा अर्थ असायचा अशी जखम, जी जिवावर बेतत नाही पण घरी पाठवण्याइतकी मोठी आहे. परदेशी, मग मायदेश, मग जखम! एका शब्दात इतकं. देवळालीत बसून वाट बघणारा आणि खंदकात बसून जखमेची वाट बघणारा, दोघांनाही जायचं होतं एकाच ठिकाणी.

उलट दिशेनेही माल आलाच की. आपली पलटण म्हणजे त्यांची बटालियन किंवा प्लॅटून, आणि रंगरूट म्हणजे रिक्रूट. रिक्रूटचं रंगरूट करताना आपण 'रंग' कुठून आणला ते विचारू नका, तुमच्या एचआरला मात्र एकदा विचारून बघा की रंगरूट भरती कधी आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलाय की डूलाली हा शब्द मराठी 'डुलणे' यावरून आला, पेशवाईत दारू पिऊन डुलणाऱ्याला 'डुलाली' म्हणायचे आणि इंग्रजांनी तो उचलला. शेवटी 'गर्व आहे' वगैरे आहे. खरं की खोटं, एका शब्दात सांगा. – सदाशिव पेठ

उत्तर : खोटं.

एका शब्दात मागितलंत म्हणून दिलं, पण रकाना भरायचा आहे तेव्हा जास्तीचं फुकट घ्या. पहिली गोष्ट, जुन्या रूपात शब्दाला 'टॅप' जोडलेला आहे, डुलण्याच्या कथेत तो कुठेच बसत नाही. दुसरी, १९२५ च्या त्या कोशात स्पेलिंगच देवळालीचं दिलंय, मग वाद कशाला. तिसरी, इंग्रजीत या शब्दाचा अर्थ प्यायलेला असा नव्हताच, तो आता बिअरच्या नावामुळे आपल्या डोक्यात आला आणि आपण उलटा प्रवास करून पेशवाईत पोचलो. शब्दांच्या खोट्या कुळकथा अशाच बनतात, आजचा अर्थ घ्यायचा, कानाला जवळचा शब्द शोधायचा आणि मध्ये एखादा राजा नाहीतर पेशवा बसवायचा.

इंग्रजही यात मागे नाहीत हां. 'पॉश' शब्दाची कथा ऐकली असेल तुम्ही, हिंदुस्थानला येताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि जाताना उजव्या बाजूची केबिन म्हणजे सावलीतली, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं छापायचे, पी-ओ-एस-एच. इतकी सुंदर कथा की खरी असायला हवी होती. पण तसं छापलेलं एकही तिकीट कोणाला सापडलेलं नाही. आद्याक्षरांवरून बनलेला जुना शब्द दिसला की मी आधी खिसा सांभाळते.

वेड्यासाठीच म्हणाल तर पलटणीने आपला अजून एक शब्द नेला आणि तो मात्र अस्सल. पागल. १८८६ साली यूल आणि बर्नेल या दोघांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा जाडजूड कोश काढला त्यात 'पॉगल' आणि 'पगली' अशी नोंद आहे. त्या कोशाचं नावच बघा, 'हॉब्सन-जॉब्सन'. हे कोणी दोन साहेब नव्हेत, मोहरममधला 'या हसन, या हुसेन' हा घोष गोऱ्या सोल्जराच्या कानातून जाऊन असा बाहेर पडला. ज्यांच्या कानाला हसन-हुसेनचं हॉब्सन-जॉब्सन ऐकू येतं त्यांनी देवळालीचं डूलॅली केलं तर ते त्यांनी आपल्यावर केलेले उपकारच समजा, निदान ओळखू तरी येतंय.

तुमच्या ग्रुपवर हे उत्तर टाकू नका असं मी सुचवेन, सोसायटीत राहायचंय अजून.

ता. क. वरची पत्रं आमच्या ऑफिसात वाचून झाल्यावर मांडणी करणाऱ्या मुलाने विचारलेला प्रश्न : सगळं नाशिकवाल्यांचंच का? पुण्याच्या नावाचा काही शब्द नाही का इंग्रजीत?

आहे की. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या घरंदाज मुलींना 'पूना पेंटिंग' शिकवायचे. आकार कापलेला कागद ठेवून त्यावरून कोरड्या-कोरड्या ब्रशने फुलं, फळं, फुलपाखरं उमटवायची, आपण स्टेन्सिल म्हणतो तेच. त्याला लागणारा कागद 'पूना पेपर', ब्रश 'पूना ब्रश'. पुण्यात विचारलंत तर हे कोणाला ठाऊक नाही, मी चित्रकला महाविद्यालयातल्या दोन जणांना विचारून बघितलं, एकाने मला चहा पाजला आणि दुसऱ्याने पेठेतल्या रांगोळीच्या जाळीच्या साच्यांकडे बोट दाखवलं, जे मला उत्तर म्हणून फार आवडलं पण पुरावा म्हणून चालणार नाही. मग बॅडमिंटन, आपल्या छावणीतले साहेब लोक ते खेळायचे आणि १८७० च्या दशकात त्याचे नियम इथेच पहिल्यांदा लिहून काढले, तेव्हा त्या खेळालाही 'पूना' म्हणत. पुढे नाव पडलं ते तिकडच्या एका ड्यूकच्या वाड्याचं. आणि तिसरा म्हणजे निवृत्त होऊन विलायतेत परत गेलेला कर्नल, पांढऱ्या मिशा, लाल तोंड, समोरच्याला ऐकायचं असो वा नसो, 'मी पूनाला असताना' अशी सुरुवात करून दोन तास सोडणार नाही. इंग्रजी विनोदात हा कर्नल बरीच वर्षं ठरलेला होता.

मांडणीवाला म्हणाला, तो कर्नल अजून आहे, आमच्या वाड्यात खालच्या मजल्यावर राहतो, फक्त तो 'मी अमेरिकेत असताना' म्हणतो.